चार मिनिटांत बंद पडणारी करवत

मित्रांनो, मी एक जुनी साखळी-करवत आहे. हे नाव फक्त कागदावरचं. कामावर मला कोणी करवत म्हणत नाही, सगळे मशीन म्हणतात, आणि चिडले की आणखी बरंच काही म्हणतात, ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझं वय सत्तावीस. माणसांत हे वय लग्नाचं असतं, आमच्यात भंगारात जाण्याचं. यंदा मीही जाणार होते. वारसुद्धा ठरला होता, शनिवार. पण त्या शनिवारपर्यंत पोहोचायचं तर आधी माझी थोडी ओळख करून द्यायला हवी.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. सरकत्या पट्ट्यावरून पुढे गेले, कोणी स्क्रू पिळले, कोणी पोटात पेट्रोल ओतलं, आणि दोरीच्या पहिल्याच झटक्याला मी अशी किंचाळले की तपासणारा माणूस दचकून मागे सरकला. मला काय तो आनंद झाला! आवाज म्हणजेच ताकद, असं तेव्हाच माझ्या डोक्यात बसलं. ते चूक आहे हे कळायला मला वीस-एक वर्षं लागली.

मला विकत घेतलं झाडवाल्यांनी. घरांवर झुकलेली झाडं उतरवायची, वाढलेल्या फांद्या छाटायच्या, वादळात रस्त्यावर आडवी झालेली खोडं कापून बाजूला करायची, हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना झाडवाले म्हणत. मी त्यांना मालक म्हणते. दुकानात त्यांनी माझा रंग पाहिला नाही की मला उलटसुलट केलं नाही. "चालू करून दाखवा" म्हणाले, डोळे मिटले आणि ऐकत उभे राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, "हीच द्या."

काय दिवस होते ते! रोज संध्याकाळी घरी आलो की मालक हातपाय धुवायच्या आधी मला पुसायचे. कानस घेऊन साखळीचा एकेक दात घासायचे, तोंडाने मोजायचे आणि मध्येच कोणी बोललं की पहिल्यापासून सुरुवात करायचे. चहा गार व्हायचा. मालकीणबाई म्हणायच्या, "आधी मशीनचं, मग आमचं. बरं आहे बाई, आम्हालाही साखळीसारखे दात असायला हवे होते." मालक हसायचे आणि गार चहा पिऊन टाकायचे.

आणि त्यांचे कान! माझ्यात काय बिघडलंय हे ते मला न उघडता सांगायचे. आवाज जड झाला की हवेचा फिल्टर भरलाय. मध्ये मध्ये ठेचकाळतेय, म्हणजे प्लग. जोर दिला की खोकतेय, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल जास्त पडलंय. एकदा शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच कोणाचं मशीन चालू होतं. मालक जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "त्या माणसाला कोणीतरी सांगा, साखळी उलटी बसवली आहे." त्यांची लेक पळत जाऊन बघून आली. खरंच उलटी होती. तो माणूस अर्धा तास झाड नुसतं घासत बसला होता. आम्ही सगळे किती हसलो! मी शेडमध्ये टांगलेली होते, पण मीही हसले.

असे कान असल्यावर ते झाकणार कोण? मालकांनी कधी कानांत कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या कानांपासून हातभर अंतरावर ओरडत राहिले. मित्रांनो, हे सांगताना मला अजून लाज वाटते. मला वाटायचं, मी गाते आहे आणि ते ऐकत आहेत.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. मालकीणबाई तीन-तीन हाका मारायच्या आणि म्हणायच्या, "मुद्दाम करता तुम्ही." मग मालक मोठ्याने बोलायला लागले. घरातली गुपितं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाऊ लागली. मग एके दिवशी एका बंगल्यामागचं झाड उतरवत होतो. वर अडकलेली एक फांदी सुटली. खाली उभा असलेला रस्सीवाला घसा फोडून ओरडला, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" मी तेव्हा बंद होते, तरी मालक मला घेऊन तसेच उभे. फांदी त्यांच्या खांद्याला घासून पडली. ते दचकले ते फांदीला नाही. वळून बघितलं तेव्हा रस्सीवाल्याचं तोंड अजून उघडं होतं, आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, मशीनच्या आवाजाने कानाच्या नसा गेल्या, आता त्या परत येणार नाहीत. हे मला कसं कळलं? मालक घरी येऊन सगळं ओरडूनच सांगत होते. त्या दिवशी त्यांनी मला फळीवर ठेवलं आणि शेडचं दार लावून घेतलं. त्यानंतर सहा वर्षं ते शेडमध्ये आले नाहीत.

मालकीणबाई मात्र यायच्या. एकदा खिडक्या रंगवल्या तेव्हा डब्यात थोडा हिरवा रंग उरला. त्यांनी मला खाली घेतलं, अंगावरची धूळ पुसली आणि डोक्यापासून बुडापर्यंत रंगवून काढलं. "तू आमचं घर चालवलंस गं," असं म्हणाल्या. त्या माझ्यावर रागावल्या असतील असं मला वाटत होतं. मला रडू आलं असतं, पण आम्हाला रडता येत नाही, फार तर तेल गळतं. जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी मला परत फळीवर ठेवलं.

यंदा लेकीने मला खाली काढलं. ती रोपवाटिकेत नोकरीला होती. ती सोडून तिने ठरवलं, बाबांचं काम आपण करायचं. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, नवीन मशीन घे." ती म्हणाली, "आधी हे चालू करून बघते. बाबांचं आहे."

तिने माझ्यातलं जुनं, चिकट झालेलं पेट्रोल ओतून टाकलं, ताजं भरलं. दोरी ओढून ओढून तिचा खांदा दुखला, पण मी चालू झाले! सहा वर्षांनी! ती आनंदाने नाचली. तिने ओंडका लाकडी घोडीवर चढवला, मला टेकवलं, भुसा उडायला लागला. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. आणि चौथ्या मिनिटाला माझा जीव कासावीस झाला. पोटात पेट्रोल होतं, पण घोटभर वर येईना. मी बंद पडले.

दहा मिनिटांनी पुन्हा चालू. चार मिनिटांनी पुन्हा बंद.

बिचारीने काय काय केलं! हवेचा फिल्टर साबणाने धुतला. प्लग बदलला. टाकीतला पेट्रोलचा फिल्टर नवा घातला. सायलेन्सरच्या जाळीवरची काजळी खरवडली. दर वेळी मी आशेने चालू व्हायचे आणि चार मिनिटांनी तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही. शेवटी तिने मिस्त्रीला बोलावलं. त्याने कार्बोरेटर खोलला, फुंकला, लावला. साडेचार मिनिटं. त्याने हात टेकले. "ताई, याचे पार्ट आता मिळत नाहीत. शनिवारी भंगारवाला येतो, देऊन टाका. नवीन घ्या आणि सुटा."

शनिवारी सकाळी भंगारवाल्याला बोलवायचं ठरलं. मित्रांनो, त्या रात्री मी काय विचार केला ते विचारू नका. माझ्यामुळे मालक बहिरे झाले आणि मी त्यांच्या लेकीच्या उपयोगाला चार मिनिटांच्या वर येत नव्हते. मला भंगारात जायची भीती वाटत नव्हती असं नाही, खूप वाटत होती. पण असं जायचं म्हणजे फारच वाईट.

शुक्रवारी दुपारी मालक कुदळ शोधत शेडच्या दाराशी आले. आत येणार नव्हते, पण खिडकीच्या कट्ट्यावर प्लग पडलेला दिसला. लेकीने घातलेला नवाच होता, मिस्त्रीने काढून ठेवलेला. त्यांनी आत येऊन तो उचलला, उजेडात धरला आणि ओरडले, "हा पांढरा कसा झाला? तपकिरी हवा!"

आत बसलेली लेक चपापली. बाबा शेडमध्ये! तिने पेन्सिल घेतली आणि ओंडक्याच्या सालीवरच लिहिलं, 'चार मिनिटं चालतं. मग बंद.'

मालकांनी वाचलं आणि प्लग खाली ठेवला. "मला नको विचारू. ऐकू येत नाही, मी काय सांगणार? माझं काम संपलं."

लेक म्हणजे बापाच्या वरताण. तिने प्लग मला लावला, मालकांचा हात धरला आणि तळवा ओंडक्याच्या पलीकडच्या टोकावर ठेवून दाबला. मग या टोकाला येऊन माझी दोरी ओढली.

मी चालू झाले. साखळी लाकडात गेली. ओंडका थरथरत होता आणि मालकांचा तळवा त्याच्यावर होता. त्यांनी डोळे मिटले. दुकानात मिटले होते तसे नव्हे, या वेळी त्यांचा चेहरा घाबरलेला होता. मी जीव तोडून कापत होते. तिसरं मिनिट गेलं. मला तहान लागली. मी कासावीस होऊन उगीच वेगात पळाले आणि बंद पडले.

"पळालं!" मालक ओरडले. "मरायच्या आधी पळालं! हाताला मुंग्या आल्या माझ्या! पोरी, हे तहानेने मरतंय. टाकीचं झाकण सैल कर, आत्ताच्या आत्ता!"

लेकीने झाकण फिरवलं. फुस्स! इतकी हवा आत शिरली की मला हायसं वाटलं. मालकांनी झाकण ओढून घेतलं आणि चष्म्याजवळ नेलं. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा यावी लागते, त्यासाठी झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते भोक नव्हतंच. त्याच्यावर गुळगुळीत हिरवा रंग होता.

"हा रंग कोणी लावला?"

गल्लीने ऐकलं, तसं मालकीणबाईंनीही ऐकलं. त्या ओले हात पुसत आल्या. "मी लावला. काय वाईट केलं? गंजू नये म्हणून लावला." मालकांना शब्द ऐकू आले नाहीत, पण बायकोचं तोंड बघून ते समजले. झाकणाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पोट धरून हसायला लागले. मालकीणबाई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू फुटलं. शिवणाच्या डब्यातली सुई त्यांनीच आणली आणि भोक मोकळं केलं.

पुढे काय झालं सांगू? पाच मिनिटं. दहा मिनिटं. आख्खा ओंडका कापून संपला, चकत्यांचा ढीग पडला, तरी मी चालूच होते. लेकीने मला बंद केलं तेव्हा मालक आपल्या तळव्याकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला वाटलं होतं, मला जे येतं ते सगळं कानांत होतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी एक फुटकी बादली देऊन परत पाठवलं.

सोमवारी लेक मला घेऊन पहिल्या कामाला निघाली. दारात मालक आडवे आले. त्यांच्या हातात नवीकोरी, दोन्ही कान झाकणारी जाड टोपणं होती. लेकीने नाही म्हणून मान हलवली आणि काहीतरी म्हणाली. मालकांना ऐकू आलं नाही, तरी ओठांवरून ओळखलं, कारण हे वाक्य त्यांनी स्वतः आयुष्यभर म्हटलं होतं. कान झाकले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार?

"हाताने!" ते ओरडले. "हाताने कळतं! शुक्रवारी दाखवलं ना तुला? टोपणं घाल, नाहीतर मशीन घरात ठेव!"

तिने टोपणं घातली.

आता आम्ही दोघी रोज कामाला जातो. मी पूर्वीइतकीच ओरडते, पण तिला माझा आवाज जेमतेम पोहोचतो, आणि मालकांना तर पोहोचतच नाही. मला कोणी ऐकत नाही आणि मित्रांनो, खरं सांगते, मी इतकी सुखात कधीच नव्हते. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं कोणी असेल तर त्याला नुसतं रंगवून, गुंडाळून ठेवू नका. त्याला श्वास घेता येतोय ना ते बघा, अधूनमधून चालवा. आणि माझ्यासारख्या मशीनजवळ याल तेव्हा आधी कान झाका. माझा प्लग नवा मिळतो, साखळी नवी मिळते. मालकांना संध्याकाळी लेक दारातून हाक मारते, ती अजूनही ऐकू येत नाही. मी तर ओरडणारच. मला हळू बोलता येत नाही.