चौदावी ओळ

निळी जर्सी. पाठीवर चौदा. घडी अजून मोडलेली नाही.

बसच्या खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले मोजे. मावशींनी मोजले, सदतीस भरले. अडतिसावा कुठे गेला, देव जाणे.

सरांची वही. एकोणीस ओळी, प्रत्येक नावापुढे शेरा. ‘पळते, पण बघत नाही.’ ‘डावा पाय फक्त उभं राहायला.’ चौदाव्या ओळीत नावापुढे काहीच नाही.

जाड्या सरांचे तीन मिस्ड कॉल.

“कोण जातंय?”

*

“मावशी, पाणी द्या जरा,” सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये यादी वाचून पाच मिनिटंही झाली नव्हती. फुटबॉलच्या मोसमासाठी सोळा मुली ठेवायच्या, तिघींना वगळायचं. त्यासाठीच तर हा तीन दिवसांचा दौरा होता: तीन शाळा, तीन सराव सामने. वगळलेल्यांपैकी दोघींनी आधीच ओळखलं होतं; त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडून मोकळ्या झाल्या. सोळावी फोनवर किंचाळत होती, “आई, घेतलं मला! घेतलं!” वगळलेली तिसरी खिडकीबाहेर बघत बसली होती. बुटाच्या नाड्या बांधायला तिला सगळ्या संघाहून जास्त वेळ लागायचा, म्हणून तिचं नाव हळूबाई.

“सर,” कॅप्टन उठली. तिचा आवाज या गोलपासून त्या गोलपर्यंत जायचा, म्हणून ती भोंगा. “हळूबाईचं नाव वाचायचं राहिलं.”

“राहिलं नाही. खाली बस.”

“पण सर, ती तर...”

“भोंगा, गाडी हलतेय. तोंडावर पडशील.”

*

सुट्टी संपायला आठवडा बाकी होता, त्यामुळे जावं त्या शाळेत कुणी ना कुणी बाहेरगावी. पहिल्या मैदानावर समोर दहाच मुली उभ्या होत्या. अशा वेळी ज्यांच्याकडे जास्त आहेत त्यांनी एक मुलगी उसनी द्यायची, हा सराव सामन्यांचा जुना शिरस्ता. हळूबाई लाल जर्सी चढवून पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शाळेची पिवळी. तिसऱ्या दिवशी जाड्या सरांच्या शाळेची हिरवी, काखेत उसवलेली. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सरांनी विचारलंही नाही. नुसतं तिच्याकडे बघितलं, की ती उठायची. ही रडणार नाही, घरच्यांना भांडायला आणणार नाही.

अशा माणसाची किती सोय असते हे सरांना चांगलंच ठाऊक होतं. बावीस वर्षं, कुणाचा तास रिकामा पडला की मोठ्या बाईंची नजर शिक्षकांच्या खोलीभर फिरायची आणि सरांवर येऊन थांबायची.

तिन्ही सामने सरांनी वही मांडीवर घेऊन पाहिले. पाहिलं ते फक्त आपल्या निळ्या जर्स्यांना.

*

चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा त्यांनी उचलला.

“अहो, आहात कुठे? ती डावीकडची पोरगी कायमची देऊन टाका आम्हाला!”

“कोणती?”

“कोणती काय विचारता! तुमच्या त्या उंच पोरीला तासभर हलू दिलं नाही तिने. बॉल कुठे येणार ते हिला आधीच कळतं हो. शिकवलंत तरी कसं?”

“आमचीच आहे ती,” सर म्हणाले.

“मग! पहिल्या अकरात घ्या. म्हणजे आम्ही तुमच्या वाटेलाच जाणार नाही.” जाडे सर गडगडाटी हसले.

सरांनी वही उघडली. उंच मुलीपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘आज सूर नाही.’ आदल्या दिवशी उजवीकडून वेगळी मुलगी खेळवली होती. तिच्यापुढेही ‘सूर नाही.’ पहिल्या दिवशीच्या मुलीपुढे ‘काय झालंय हिला?’

यादी मोठ्या बाईंना फोनवरून गेली होती. पण शाळा अजून दोन तास लांब होती, आणि ‘बाई, एक बदल आहे’ एवढंच बोलायचं होतं. फक्त हळूबाईला आत घ्यायचं तर सोळावीला बाहेर काढावं लागणार, आणि ती आता मावशींना गुदगुल्या करून गाणं म्हणायला लावत होती. सर फोन हातात धरून बसले. टोलनाका गेला. पेट्रोल पंप गेला. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मागे जाऊन हळूबाईच्या शेजारी बसले.

“पाय कसा आहे?”

“बरा आहे, सर.”

“चांगली खेळलीस म्हणे.”

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“पुढच्या वर्षी नक्की बघू.”

“शेवटचं वर्ष आहे माझं, सर.”

सरांनी पुढच्या सीटचा दांडा धरला. “तूच हात वर केलास, म्हणून तुला पाठवलं, बरं का. नाहीतर मी काही...”

तिने त्यांच्याकडे बघितलं.

“हो, सर,” ती म्हणाली.

*

शाळेच्या फाटकापाशी हळूबाईचे वडील सायकल धरून उभे होते.

“खेळवलंत का हो आमच्या पोरीला?”

“तिन्ही सामने. पूर्ण वेळ.”

यात खोटं काहीच नव्हतं. वडिलांचा चेहरा असा उजळला की सरांना बसच्या टपावरचं सामान मोजायला जावं लागलं.

मावशी पोतं उघडून उभ्या होत्या. मळक्या जर्स्या एकेक करून आत पडत होत्या. “टाका गं, टाका. वास बघा! मेलेला उंदीर बरा.”

हळूबाईने पिशवीतून चौदा नंबरची काढली.

“ही धुवायला नको, मावशी. घातलीच नाही.”

मावशींनी ती पोत्यात टाकली नाही. काखेत धरली.

*

पहिल्या दिवशी सरांनी “कोण जातंय?” असं विचारलं, तेव्हा हळूबाई खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधत होती. हात कुणीच वर केला नव्हता.