भावाच्या नावावर

मी भाड्याची रूम बोलतेय. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या माळ्यावर माझा मुक्काम. एक खोली, किचन आणि कपडे वाळत घालण्यापुरती ग्रिल. सध्या दाराला कोर्टाचं सील आहे, म्हणून आतूनच बोलते.

मला घेतलं उत्तमने. स्टीलची भांडी बनवायचा त्याचा गाळा होता. स्वतः तो बायकोबरोबर, उर्मिलाबरोबर, आईच्या जुन्या घरात राहिला आणि मला भाड्याने दिलं. "ही आपली म्हातारपणाची काठी," असं तो तिला सांगायचा. मला ऐकून बरं वाटायचं.

हेमालीबेन राहायला आली तेव्हा तिची सान्वी रांगत होती. बेन साड्यांना फॉल लावायची. सान्वीने पेन्सिलीने माझी भिंत भरून टाकली. उत्तम हसला, "बच्ची है, रहने दो."

मग गाळा बुडाला. एका मोठ्या गिऱ्हाइकाने माल उचलला आणि पैसे दिलेच नाहीत. पत्रा उधार देणारा व्यापारी मात्र उत्तमच्या दारात येऊन बसू लागला. त्याचंही खरंच होतं. उत्तमची चूल तेव्हा माझ्या भाड्यावर पेटत होती.

एके दिवशी उत्तम उर्मिलाला आणि धाकट्या भावाला, कौस्तुभला, घेऊन आला. हेमालीबेन चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "रूम तुझ्या नावावर करतो. बक्षीसपत्र. मग ते लोक हात लावू शकणार नाहीत."

"दादा, हे बरोबर आहे का?"

"तुझ्याकडे आजवर काही मागितलंय मी?"

उर्मिला मध्येच म्हणाली, "अहो, त्यापेक्षा विकून टाकू या. त्यांचे देऊन चार पैसे उरतील."

"तू गप बस."

कौस्तुभने मान हलवली. नाव बदललं, भाडं मात्र उत्तमच घेत राहिला. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं होतं.

व्यापारी कोर्टात गेला. कौस्तुभला साक्षीला बोलावलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी दोघे भाऊ कोर्टाची भानगड हेमालीबेनच्या कानावर घालायला आले, पण ते राहिलं बाजूला.

"भाडं तू घेतोस, एवढंच कोर्टात म्हणायचं होतं ना!" उत्तम ओरडला.

"शपथ घेतली होती, दादा. खोटं कसं बोलू?"

"मग सही करताना कुठे होती तुझी शपथ?"

"तेव्हाच चुकलो मी," कौस्तुभ म्हणाला. सान्वी घाबरून आईला बिलगली. उत्तम चपला घालून निघून गेला. त्यानंतर दोघांना एकत्र मी पाहिलं नाही.

बक्षीसपत्र रद्द झालं, मी जप्त झाले. तोवर व्याज वाढलेलं, वकिलांचं वेगळंच. आता मला विकूनही उत्तमच्या हाती काही लागणार नाही म्हणतात. हेमालीबेनचं डिपॉझिटही त्याने केव्हाच खर्चून टाकलं होतं. तिने मागितलं तेव्हा त्याने नुसते हात जोडले. शिलाई मशीन जिन्यावरून उतरवताना ती त्याला म्हणाली, "हमने क्या किया था, अंकल?"

मला वाचवायला निघालेल्या माणसाने आपलंच माणूस गमावलं. आणि एका लेकराचं घर.

गेल्या आठवड्यात बाहेर पायरीवर कुणीतरी बसल्याचं जाणवलं. शेजारच्या सरूबाईंचा आवाज आला, "उत्तम? अरे, परवा कौस्तुभ पण असाच बसला होता इथे. तुझी तब्येत विचारत होता."

उत्तमने खिशातून काहीतरी काढल्याची चाहूल लागली.

"फोन हातात घेतलायस, तर लाव की त्याला," सरूबाई म्हणाल्या.

"लावतो," उत्तम म्हणाला आणि जिना उतरून गेला.

उत्तम, माझा लिलाव व्हायचा तो होऊ दे. माझ्यात कुणीतरी राहायला येईल, चूलही पेटेल. माझी काळजी आता सोड. तू तेवढा फोन लाव.