भरतीची लाँच

आमचे हे, अब्दुस्समद, पंचवीस वर्षं लाँच हाकणारे तांडेल होते. त्यामुळे मुंबईच्या हॉस्पिटलला निघताना हे भरतीची वेळ बघून दिघी सोडतात, याचं मला कधी नवल वाटलं नाही. गल्फमधून आणलेल्या काविळीनं लिव्हर पार निबर झालेलं. आता लेक अनम आपल्या लिव्हरचा तुकडा देणार होती. ऑपरेशनआधीच्या तपासणीत हृदयाला पैकीच्या पैकी मिळाले, म्हणून हे गावभर फुशारकी मारत होते.

त्या दिवशी डॉक्टरांनी लवकर बोलावलं, आणि खाडीपलीकडे आगरदांड्याला आम्ही ऐन ओहोटीत उतरलो. भरतीत लाँच धक्क्याला लागते, पाय टाकला की झालं. ओहोटीत सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. अकराव्या पायरीवर हे बसले आणि चपलेचा पट्टा ओढू लागले. चपलेला पट्टा नव्हता.

मी मुळातच चौकस. माझी स्वतःची नाडी धावत होती, म्हणून यांचं मनगट धरलं. ओठ सुकलेले, श्वास पुरत नव्हता आणि नाडी मात्र आरामखुर्चीत बसल्यासारखी! हे काय गौडबंगाल? मग डोक्यात उजेड पडला: दोन वर्षं हे भरती बघून पायऱ्या चुकवत होते.

“डॉक्टरला सांगू नको,” हे म्हणाले. “नापास झालो तर ऑपरेशन न्हाय व्हायचं.”

हॉस्पिटलात पोचताच मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वर विचारलंही, मग मशीननं पास कसं केलं? डॉक्टरांना प्रश्न आवडलेला दिसला. लिव्हर निबर झालं की रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणाले. पडल्यापडल्या हृदयाला काम हलकं जातं, चांगलं दिसतं. भार आला की त्याला जोर वाढवता येत नाही. आणि ऑपरेशनचा भार पायऱ्यांहून कितीतरी मोठा. तारीख पुढे गेली. हृदयावर भार देऊन नवी तपासणी, मग बघू. खात्री कसलीच नाही.

अनम रडली, मग चिडली. का लपवलंत, अब्बा?

हे खाली बघत म्हणाले, “टेबलावर गेलो असतो तर गेलो असतो. तू दिलंस, एवढं तरी समाधान तुझ्या मनाला राहिलं असतं.”

“आणि माझ्या मनाला?” मी विचारलं.

त्याचा विचार यांनी केलाच नव्हता. मला फार लागलं ते. मग हेच नर्सला म्हणाले, त्या नव्या तपासणीला माझं नाव घाला.