पाणघोड्याचा ‘स’

मी कवळ्या बनवते. लोकांच्या तोंडी दात बसवण्यात माझी उभी हयात गेली, पण एका पाणघोड्याच्या तोंडी एक शब्द घातला आणि माझ्या सख्ख्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं.

आम्ही लहान असताना टीव्हीवर एक कार्टून लागायचं. दीपगृह राखणारा पाणघोडा आणि रोज त्याचा डबा पळवणारी टिटवी. सव्वीस भाग झाले आणि मालिका शेवट न दाखवताच बंद पडली. दादाने ते अजून मनाला लावून घेतलंय. पन्नाशी आली, डोक्यावर मोजून चार केस उरले, तरी त्या कार्टूनच्या चाहत्यांचा गट तोच चालवतो. आम्ही सत्तरएक माणसं त्याच दोघांच्या नव्या गोष्टी लिहितो आणि एकमेकांना वाचायला देतो.

आयत्या पात्रांवर लिहिणं सोपं, असं लोकांना वाटतं. करून बघा म्हणावं. तुमचं स्वतःचं पात्र काहीही बरळलं तरी कोण विचारतंय? इथे पाणघोडा नुसता शिंकला तरी सत्तर जण विचारतात, तो असा शिंकतो का? दादाने तर नियमांची यादीच केली होती. पाणघोडा ‘सकाळ’ म्हणत नाही, दहा वाजले तरी ‘पहाट झाली’ म्हणतो. ‘सगळे’ म्हणत नाही, ‘अवघे’ म्हणतो. आणि कोणालाही, अगदी त्या चोरट्या टिटवीलासुद्धा, ‘तुम्ही’च म्हणतो. दादाच्या मते पाणघोड्याची सगळी अदब त्या ‘तुम्ही’मध्ये होती.

मी मालिकेचा राहिलेला शेवट लिहायला घेतला. दीपगृह बंद होतं, टिटवी कायमची निघते, पाणघोडा कठड्याशी उभा आहे. सव्वीस भाग तो तिला ‘अहो टिटवीबाई, डबा नेऊ नका’ म्हणत आला. आता मात्र तो म्हणतो, ‘जाऊ नकोस.’ हे लिहिताना मी रडले, खोटं कशाला सांगू.

दादाने वाचलं आणि गटावर जाहीर केलं की हा आपला पाणघोडाच नाही. मी म्हटलं, जन्मात एकदा तरी त्याला तिला ‘तू’ म्हणू दे. शब्दाने शब्द वाढला. शेवटी त्याने सगळ्यांदेखत लिहिलं, ‘आपण मोठ्या लेखिका. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’

मला! जन्मल्यापासून जिला अगंतूगं केलं, तिला ‘तुम्ही’. एक थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. त्यानंतर दोन महिने ना फोन, ना निरोप. ‘जाऊ नका’ केलं की सगळं मिटणार होतं. पंधरा वेळा केलं आणि पंधरा वेळा पुसलं, कारण ‘जाऊ नका’ म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाईक थांबवल्यासारखं वाटायचं. पण दादाचं एक खरं होतं. ‘जाऊ नकोस’ पाणघोड्याच्या आवाजात वाचून बघितलं की माझ्याही कानात तो आवाज लागत नव्हता.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. माझी कवळ्यांची खोली त्यांच्या दवाखान्याच्या मागेच आहे. खुर्चीत एक आजोबा बसले होते. मेणात दात बसवलेली कच्ची कवळी त्यांच्या तोंडात होती आणि दर ‘स’ला शिट्टी वाजत होती. मी त्यांना एकसष्टपासून पुढे मोजायला सांगितलं. त्या आकड्यांत ‘स’च ‘स’ आहेत, कवळीची खोड लगेच कळते. एकसष्टला शिट्टी, बासष्टला शिट्टी. मी कवळी काढली, मेण गरम केलं, पुढचे दोन दात केसभर आत ढकलले आणि पुन्हा मोजायला लावलं. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला आजोबा न अडखळता थेट एकोणसत्तरपर्यंत गेले आणि माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

तो घोगरा आवाज, शेवटी किंचित वर चढणारा. मी विचारलं, तुम्ही कधी पाणघोडा होतात का? डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला रजेची गरज आहे. आजोबा मात्र कवळी सांभाळत खुदकन हसले. होते म्हणे, सव्वीस भाग.

या माणसाने नाक मुरडलं असतं तर पुढे बोलायची सोयच नव्हती. तरी मी मोबाइलवर शेवटचं पान काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग पाणघोड्याच्या अदबीबद्दल सांगितलं.

त्या वेळी त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते. ‘स’ म्हटला की माइकमध्ये शिट्टी. म्हणून संवाद लिहिणाऱ्या बाई तांदळातले खडे वेचावेत तसे ‘स’ वेचून काढायच्या. ‘सकाळ’ गेली, ‘सगळे’ गेले. आणि ‘तू’ म्हटलं की पाठोपाठ आलंच, जातोस, आहेस, नकोस. म्हणून ‘तू’सुद्धा गेला. त्यांनी दात बसवून घेतले तेव्हा मालिका बंद पडली होती.

“म्हणजे तो तिला असं म्हणाला असता?” मी विचारलं.

“त्याला म्हणायचं असेलच हो,” आजोबा म्हणाले. “मलाच म्हणता येत नव्हतं.”

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच दादाला फोन लावला. त्याने उचलला आणि कोरडेपणाने म्हणाला, “बोला.” मी फोन सरळ आजोबांच्या तोंडाशी धरला. त्यांनी एकदा जीभ दातांवरून फिरवली.

“टिटवीबाई,” पाणघोडा म्हणाला, “जाऊ नकोस.”

शिट्टी वाजली नाही. मग आजोबांनी साध्या आवाजात दादाला दातांची सगळी हकिगत सांगितली. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं की पेशंट खोळंबलेत, ठेवते आता.

“ए,” दादा म्हणाला. “ठेवू नकोस.”

मी ठेवला नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला बाहेर थोडं थांबायला सांगितलं.