रविवारची झोप

“हळू बोला, वकीलसाहेब. आत पोरी निजल्यात.”

त्र्यंबकराव गुप्ते वकिलांना आजवर हळू बोलायला कोणी सांगितले नव्हते, कोर्टानेसुद्धा. ठाण्याच्या कोपरीच्या टोकाला, खाडीचा वास येतो तिथे, एका झोपडीपुढे ते नाकाला रुमाल लावून उभे होते. उंबऱ्यावर रोझा बसली होती. पन्नाशीची हबशीण, रंग काळाभोर, केस कापसासारखे, मांडीवर शिंदीच्या पातीची अर्धी विणलेली चटई. वकील आले म्हणून तिने उंबरा सोडला नाही की हात थांबवला नाही.

“निजल्यात? भर दुपारी?” वकिलांनी तिच्या डोक्यावरून आत डोकावले. सात-आठ हबशी पोरी चटयांवर आडव्यातिडव्या पसरल्या होत्या. एक चक्क घोरत होती.

या झोपडीत रविवारी दुपारी काय चालते याची ठाण्यात फार चर्चा असे. कोणी म्हणे जादूटोणा, कोणी म्हणे ताडी. एका शहाण्याने तर बंडाचा कट शिजतोय असेही शोधून काढले होते. आठवडाभर पहाटेपासून राबणारी बाई रविवारी झोपत असेल, एवढे मात्र त्या अख्ख्या शहाण्या गावात कोणालाच सुचले नव्हते.

या पोरींची ‘सुटका’ झालेली होती. गुलाम नेणाऱ्या अरबाच्या गलबतातून गोऱ्यांच्या जहाजाने त्यांना सोडवले, मुंबई बंदरावर उतरवले, नवी नावे दिली आणि चांगल्या घरांत वाटून टाकले. चांगले घर म्हणजे जिथे पगार मागायचा नसतो आणि कोंबड्याच्या आधी उठायचे असते. रोझा अशीच लहानपणी इथल्या एका ख्रिस्ती बागाईतदाराच्या, मार्सेलच्या बापाच्या, वाडीत आली. उभा जन्म तिथली भांडी घासली, आणि कंबर धरली तेव्हा त्या दयाळू कुटुंबाने तिला मोकळे केले. तेव्हापासून ती चटया विणून पोट भरत होती.

मग कॅथरीनचे झाले. पारशाच्या बंगल्यावरची ही पोर पहाटे चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगली आणि विस्तवात पडली. मालकीणबाईंनी सगळ्यांना सांगितले, आळशी होती हो. रोझाने त्या पोरीला शेवटची आंघोळ घातली, आणि पुढच्या रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर ख्रिस्ती देवळाच्या दारात, पाद्रीबाबांच्या देखत, मार्सेलला अडवले. रोझाच्या जागी त्याच्याकडे आता स्टेला नावाची पोर राबत होती.

“बाब, सातव्या दिवशी देवानं पण इसावा घेतला. तुमची स्टेला देवापेक्षा मोठी हाय का?”

पाद्रीबाबा ऐकत होते. मार्सेलला ‘हो’ म्हणता येईना आणि ‘नाही’ म्हणणे महागात पडणार हे कळत होते. शेवटी दुपारच्या जेवणापासून सांजेच्या घंटेपर्यंत स्टेलाला सोडतो, असे तो पुटपुटला. मग रोझा एकेका घराच्या मागच्या दारी गेली. काहींनी कुत्रे सोडले, काहींनी पोरी सोडल्या.

झोप मिळवण्यापेक्षा ती राखणे जास्त जड होते. दर रविवारी कोणीतरी धावत येई. पाहुणे आलेत, बाळ रडतंय, चाळणी सापडत नाही, आमच्या पोरीला पाठव.

“चाळणी शोधाया डोळं लागतात,” रोझा उंबऱ्यावरूनच सांगे. “तुमच्या बाईंना दोन हायत.”

म्हणून ती स्वतः कधी आडवी होत नसे. दार राखायचे, आणि घंटा झाली की एकेकीच्या खांद्याला हात लावून उठवायचे. स्टेला सगळ्यांत भित्री, मालकापुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिने एकदा विचारले होते, “तू कवा निजतंस गो?” रोझा हसून पुढची पात विणू लागली होती.

तर वकील आले होते निमंत्रण घेऊन. त्यांनी ‘दास्यविमोचन हितवर्धक सभा’ काढली होती. सभेने अजून एकाही पोरीची विचारपूस केली नव्हती, पण अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार नेमून झाले होते. आता शाळेच्या मोठ्या खोलीत व्याख्यान होते, ‘आफ्रिकी भगिनींची दुःस्थिती’. वक्ते स्वतः गुप्ते. भगिनी समोर बसलेल्या असल्या म्हणजे विषयाला उठाव येतो.

“पुढच्या रविवारी तीन वाजता. तू सगळ्यांना घेऊन ये.” कागदावर भगिनी असली तरी तोंडावर ती ‘तू’ होती.

“ही निजायची येळ हाय, साहेब. मना नाय जमाचं.”

“अगं, हे तुमच्याच भल्याचं आहे! आम्ही तुमच्यासाठी रक्त आटवायचं आणि तुम्ही लोळत पडायचं?”

“मंगळवारी ठेवा की. त्यांच्या मालकांना सांगा, मंगळवारी सोडा म्हून.”

मंगळवारी! मालक सगळे सभेचे वर्गणीदार होते. वकील तडक मार्सेलकडे गेले. मार्सेलला व्यासपीठावर खुर्ची मिळणार होती, शिवाय त्याच्या बायकोला रविवारच्या उष्ट्या भांड्यांचा केव्हाचा राग होता. संध्याकाळी रोझाला निरोप आला. पोरी सभेला आल्या नाहीत तर रविवारची सुट्टी बंद, सगळ्या घरांची.

रोझा दोन दिवस विणत राहिली. दर रविवारी दुपारी उंबऱ्यावर बसून मिळवलेले एका फटक्यात जाणार होते, आणि तेही कल्याणाच्या नावाखाली. याचा तिला संताप आला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने निरोप धाडला: येताव.

रविवारी तीनच्या ठोक्याला रोझा आणि तिच्या मागे सगळ्या पोरी शाळेत शिरल्या. प्रत्येकीच्या काखेत एक गुंडाळलेली चटई. गुप्त्यांना भरून आले.

“सभ्य गृहस्थहो, आमच्या भगिनींनी आपल्या हस्तकौशल्याचे नमुने आणले आहेत!”

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी, म्हणजे कल्याणहून आणलेल्या एका पेन्शनर गृहस्थांनी, चष्मा पुसला. पोरींनी पहिल्या रांगेपुढच्या मोकळ्या जागेत नमुने अंथरले आणि त्यांच्यावर त्या झोपल्या.

वकिलांचे भाषण सुरू होऊन गेले होते, आणि ते थांबवण्याची त्यांना सवय नव्हती. “या अभागिनींना,” ते म्हणाले, “क्षणाची विश्रांती नाही! यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही!” पहिल्या रांगेपुढून घोरण्याचा आवाज आला. मागच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसले. मार्सेलचे तोंड भोपळ्यासारखे फुगले. अध्यक्ष मात्र शांत होते, कारण त्यांनाही झोप लागली होती.

रोझा दाराशी बसली होती, सवयीने, मांडीवर चटई घेऊन. तिने खोलीभर नजर फिरवली. मार्सेल आत होता. पारशी शेट आत होता. बाळवाली, चाळणीवाली, सगळी घरे बाकांवर बसली होती. पोरींना हाक मारायला बाहेरून येईल असे कोणी उरलेच नव्हते. मग दार राखायचे कशासाठी? तिने विणकाम खाली ठेवले, भिंतीशी अंग टाकले आणि तिचे डोळे मिटले.

सभा कशी संपली हे सांगण्यासारखे नाही. अर्धी मंडळी हसत उठली, अर्धी रागाने. वकिलांनी राहिलेली पाने खिशात कोंबली आणि आभार मानायचे विसरून गेले. एवढ्यात देवळाची घंटा झाली.

पोरी घंटेने जाग्या झाल्या आणि तशाच पडून राहिल्या. खांद्याला हात लागल्याशिवाय उठायचे नसते. हात कुठे आला नाही, म्हणून स्टेला उठून बसली. तिला भिंतीशी रोझा दिसली, तोंड उघडे, हात सैल पडलेले. रोझाला झोपलेले तिने कधीच पाहिले नव्हते. ती हळूच दाराशी गेली.

“स्टेला!” मार्सेल बाहेरून ओरडला. “घंटा झाली ना? चल घरी!”

स्टेला रोझाच्या जागी उंबऱ्यावर बसली आणि तिने अर्धी चटई मांडीवर ओढली.

“हळू, बाब. आत रोझा निजलीय.”

“निजली तर निजू दे! तू चल. घरी चूल कोण पेटवणार?”

“चूल पेटवाया हात लागतात,” स्टेला म्हणाली. “बाईंना दोन हायत.”

एकेक पोर तिच्या मागे येऊन बसली. शाळेचा शिपाई कुलूप घेऊन आला आणि त्यांच्याकडे बघून निमूट पायरीवर टेकला. स्टेलाला विणता येत नव्हते, पाती उलटसुलट जात होती, तरी ती विणत राहिली. मार्सेल उपाशी पोटाने मैदानात उभा होता.

आत रोझाने कूस बदलली आणि हात उशाला घेतला.