सदतीस चिंचोके

बाईंनी अंकिताच्या दप्तरातली चिंचोक्यांची पुरचुंडी टेबलावर ओतली आणि तिसऱ्यांदा विचारलं, किती आहेत. अंकिताने चिंचोक्यांच्या जोड्या लावल्या. मग त्या मोडून तीन-तीनच्या ओळी केल्या, मग चार-चारच्या. दर वेळी एक चिंचोका उरला. तो बाजूला सारून तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"दिवसभर हेच चालतं," बाई अंकिताच्या आईला, पूनमला, म्हणाल्या. "कशाचंही उत्तर नाही. यंदा पहिलीतच ठेवू या तिला."

दीड वर्षाची असताना अंकिताला तापात झटके आले होते. तेव्हापासून पूनम लेकीचं प्रत्येक अडखळणं डोळ्यांत तेल घालून पाहत आली होती. शिरूरच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झालेली ती, पण त्या ओळींकडे पाहताना तिला फक्त तो ताप आठवत होता.

राहू गावातल्या उसाच्या कडेने घरी जाताना तिने लेकीला हळूच खोदून विचारलं. अंकिताने मागंपुढं पाहिलं, आईला वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "सदतीस. पन मोजल्यालं बोलायचं न्हाई. आबा म्हंत्यात."

पूनम वाटेतच थांबली. सदतीस ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानेही तिला पुरता भाग जात नाही. सहा वर्षांची पोर वर्गात बसून, मुकाट्याने, तेच तर तपासत होती.

आबा, म्हणजे पूनमचे सासरे गेणबा, ओट्यावर चातीवर लोकर कातत बसले होते. मेंढरं विकून सात वर्षं झाली, तरी चाती सुटली नव्हती. पूनम आजवर त्यांच्यापुढं कधी बोलली नव्हती. आज तिने शाळेतलं सगळं सांगितलं.

"आकडा तोंडानं काढला की दिष्ट लागती, पोरी," आबा म्हणाले. "माज्या बानं कवा काढला न्हाई, म्या बी न्हाई. मेंढरं चार-चार वाड्यात सोडायची. शेवटाला एकटं उरलं, म्हंजी समदी आली. तेच शिकीवलं तिला, माज्या चिंचोक्यांवर."

"आबा, ती बोलत नाही म्हणून तिला मागं ठेवणार आहेत."

चाती फिरायची थांबली.

सकाळी पटका बांधून तेच पुढं निघाले. बाईंनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. बाईंनी कालचाच प्रश्न विचारला. अंकिताने चार-चारच्या ओळी लावल्या, उरलेला एक बाजूला ठेवला आणि आबांकडे पाहिलं.

आबांनी घसा खाकरला. मेंढरं विकली त्या दिवशी, व्यापाऱ्याने किती म्हणून विचारलं तेव्हाही, ते 'मोजून घे' एवढंच म्हणाले होते.

"सदतीस," ते म्हणाले. "तेवडीच व्हती माजी."

मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता बोल तू. काय व्हत न्हाई."

"सदतीस," अंकिता म्हणाली. आणि कोंडलेलं पाणी सुटावं तशी बोलतच सुटली, की ह्यांच्या सारख्या ओळी होतच न्हाईत बाई, दोनानं न्हाई, तिनानं न्हाई, सहानं पन न्हाई, येक उरतोच. बाईंनी हजेरीपटावर तिच्या नावापुढचा 'पहिलीतच' हा पेन्सिलीचा शेरा खोडून टाकला. पूनमने पदराने डोळे टिपले.

अंकिताने पुन्हा ओळी लावायला घेतल्या. या वेळी चाराच्या नऊ ओळी बरोबर बसल्या, बाजूला काहीच उरलं नाही.

"छत्तीस," ती न विचारताच म्हणाली. "येक न्हाई."

पूनमने खिडकीबाहेर पाहिलं. आबा उसाच्या कडेने घराकडे चालले होते. एक हात मोकळा हलत होता. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती.