बंदरावरचा भाव

मायाप्पा कुंभारी गावचा. सोलापुरात परदेशी मालाची नोंद ठेवणारं एक सरकारी हापिस हाय, तितं तीस वरसं शिपाई. रिटायर व्हायला दोनच वरसं राहिलेली. गडी साधा, पण एक काम त्यानं लई दिवस चुकीचं केलं. देवदत्त साहेब म्हणायचे, "हे कागद गोपनीय आहेत, मशीनमध्ये घालून बारीक कर." मशीन तर कधीचं बंद पडलेलं. आन मागनं कोरा असलेला झकास कागद फाडायचा कसा? मायाप्पा गठ्ठा घरी न्यायचा. बायको तानाबाई नाक्यावर त्याच्यातच भजी बांधून द्यायची.

आता सिद्धेश्वरचं ऐका. शुक्रवार पेठेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यानं एका शाळेला परदेशातनं आलेले जुने कॉम्प्युटर बसवून दिले. कुणीतरी हेडमास्तरीण इंद्रायणीबाईंचे कान भरले, की बंदरावर ह्याचा भाव निम्मा हाय, हा तुमाला लुटतोय. सिद्धेश्वरनं बिल दाखवलं. बाई म्हणाल्या, "बिल कुणीही छापतं. सरकारी आकडा आणा, नाहीतर माल उचला."

त्यानं मायाप्पाच्या हापिसात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं एका ओळीचं: आकडे गोपनीय. त्यानं अपील केलं. सुनावणीला देवदत्त साहेबच बसले.

"वरून आदेश आहे, देता येत नाही."

"साहेब, मॉनिटर हाय हो त्यो. तोफ हाय का?"

मायाप्पाला हसू आलं. चहाचा ट्रे हलला. तेवढ्यात सिद्धेश्वरनं खिशातनं एक कागद काढला. तेलानं पार पारदर्शक झालेला. पण वाचता येत होतं: जुना मॉनिटर, किती नग, कुठल्या देशातनं, काय भावानं. बिलात हाय तोच भाव!

"खरा का खोटा, एवढंच सांगा साहेब. माजं नाव जातंय."

साहेबांचं तोंड उतरलं. "मायाप्पा, हा आपल्याकडचा कागद आहे?"

मायाप्पानं कागद बघितला. कोपऱ्यावर त्याच्याच हातची टाचणी मारल्याली भोकं. 'व्हय' म्हणलं तर नोकरी गेली, पेन्शन गेली.

"न्हाय साहेब. आपला न्हाय."

"मग कुठून आणलात हो हा?" साहेब सिद्धेश्वरवर खेकसले.

सिद्धेश्वर तानाबाईचं रोजचं गिऱ्हाईक. तिचा नवरा कोण, त्याला चांगलं ठावं. त्यानं मायाप्पाकडं बघितलं. लई येळ न्हाय, चहा गाळायला लागतो तेवढाच. मग म्हणाला, "रस्त्यावर सापडला."

साहेबांनी अपील फेटाळलं.

त्या दिवशी मायाप्पानं जेवणाचं ताट बाजूला सारलं. तानाबाई म्हणाली, "आवं, तुमी का कुणाचा खून केला?" सकाळी अंघोळ करून थेट शाळंत गेला.

"बाई, सिद्धेश्वरनं लुटलं न्हाय तुमाला. भाव खराच हाय त्यो."

इंद्रायणीबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला कसं माहीत, मामा? तुम्ही त्या हापिसात आहात ना? आकडा बघितलाय तुम्ही?"

एवढं सोपं इचारलं की त्या माउलीनं. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं.

"न्हाय... आसंच, ऐकलं."

"ऐकीव गोष्टीवर शाळा चालवता येत नाही हो."

मायाप्पा बाहेर आला. व्हरांड्यातनं सिद्धेश्वर एकटाच माल रिक्षात भरत होता. पोरं खिडकीतनं बघत होती, आन एकजण मोठ्यानं म्हणालं, "चोर, चोर!" मास्तरांनी त्याला गप केलं न्हाय.

सिद्धेश्वरनं मान वर केली. "मामा, बरं झालं आलात. जड हाय हो हे, जरा एका बाजूनं धरा की."

मायाप्पानं धरलं. रिक्षापातूर तीन-चार खेपा झाल्या, पण सिद्धेश्वरच्या तोंडाकडं त्यानं काय एकदाबी बघितलं न्हाय.